देशाचे नाव, माणसाचे आत्मचरित्र : क्वामे एन्क्रुमा यांच्या 'घाना'चे वाचन



६ मार्च १९५७ रोजी गोल्ड कोस्ट ही ब्रिटिश वसाहत घाना या नावाने स्वतंत्र झाली. त्याच वर्षी तिचे पंतप्रधान क्वामे एन्क्रुमा यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याचे शीर्षक 'घाना : क्वामे एन्क्रुमा यांचे आत्मचरित्र'. पुस्तक उघडण्याआधी या शीर्षकापाशी थांबा. आत्मचरित्र एका माणसाचे, पण आधी नाव येते देशाचे. हे केवळ शोभेसाठी आहे का, एवढेच आपण येथे तपासू.

पुस्तकाचे बळ

एन्क्रुमा आपला प्रवास जवळून दाखवतात : अमेरिकेत हलाखीत घेतलेले शिक्षण, १९४७ मध्ये मायदेशी परतणे, १९४९ मध्ये कन्व्हेन्शन पीपल्स पार्टीची स्थापना. १९५० च्या संप-बहिष्काराच्या चळवळीवर गांधीजींच्या मार्गाचा प्रभाव होता. तिच्यासाठी ते तुरुंगात गेले, तेथून टॉयलेट पेपरवर संदेश लिहून बाहेर पाठवत राहिले आणि फेब्रुवारी १९५१ ची निवडणूक तुरुंगातूनच जिंकले. हा भाग आजही वाचनीय आहे.

पुस्तकाची मर्यादा

आता विरोधकांची पाने वाचा. ज्यांच्या संघटनेने एन्क्रुमांना परत बोलावले, त्या जे. बी. डांक्वा यांच्यासारखे वकील येथे प्रामुख्याने वाटेतला अडथळा म्हणून येतात. त्यांचे म्हणणे बरोबर असू शकते, अशी जागा कथनात फारशी उरत नाही. नेता म्हणजेच देश असे एकदा मानले, की नेत्याचा विरोधक आपोआप देशाचा विरोधक ठरतो.

पुढे काय घडले?

जुलै १९५८ मध्ये प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा आला. खटल्याशिवाय पाच वर्षांपर्यंत कैद करण्याची मुभा त्याने दिली. १९६० मध्ये एन्क्रुमा राष्ट्राध्यक्ष झाले. १९६१ मध्ये डांक्वा यांनी या कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात बाजू मांडली. न्यायालयाने कायदा वैध ठरवला आणि त्याच वर्षी डांक्वा स्वतः स्थानबद्ध झाले. १९६२ मध्ये सुटका, १९६४ मध्ये पुन्हा अटक, आणि फेब्रुवारी १९६५ मध्ये न्सावाम तुरुंगात मृत्यू. दरम्यान, एका खटल्यातील आरोपी निर्दोष सुटल्यावर डिसेंबर १९६३ मध्ये सरन्यायाधीशांना हटवले गेले. १९६४ च्या सार्वमताने एकपक्षीय राज्य आले. अधिकृत आकडा होता ९९ टक्क्यांहून अधिक 'होय'!

बचावाचा मुद्दा

कुलुन्गुगू येथे एन्क्रुमांवर बॉम्बहल्ला झाला, हे समर्थक सांगतात. हल्ला खरा होता, पण तो १९६२ चा. कायदा १९५८ चा. अशांती भागात स्वातंत्र्यापूर्वी झालेला राजकीय हिंसाचार हा त्याहून सबळ मुद्दा आहे. मात्र हिंसा करणाऱ्याला न्यायालयात उभे करता येते. या कायद्याने न्यायालयच वगळले.

जानेवारी १९६६ मध्ये व्होल्टा नदीवरील अकोसोम्बो धरणाचे उद्घाटन झाले. हे धरण एन्क्रुमांचे मोठे स्वप्न होते आणि ते आजही वीज देते. धरण शिकताना आपण सांडव्याचा हिशेब आधी करतो : जादा पाणी सुरक्षितपणे बाहेर पडायला वाट हवीच. घानाच्या राजकारणात निवडणूक, न्यायालय, विरोधी पक्ष या सगळ्या वाटा बंद झाल्या होत्या. २४ फेब्रुवारी १९६६ रोजी, एन्क्रुमा परदेशात असताना, लष्कराने सत्ता घेतली. ते मायदेशी परतले नाहीत.

आपल्यासाठी

हे वाचून आपण सुरक्षित अंतरावर आहोत असे समजू नका. भारताच्या राज्यघटनेचे कलम २२ देखील प्रतिबंधक स्थानबद्धतेला परवानगी देते. फरक असा की तीन महिन्यांपुढील कैदेसाठी तेथे सल्लागार मंडळाच्या तपासणीची तरतूद आहे. फरक लहान दिसतो; ज्याला कैद होते, त्याला विचारा.

स्वाध्याय : कोणत्याही एका स्वातंत्र्यसेनानीचे आत्मचरित्र घ्या. त्यात विरोधकाला स्वतःच्या बाजूने बोलू दिले आहे, अशी तीन ठिकाणे शोधा. सापडली नाहीत, तर त्याचा अर्थ काय, ते लिहा.