चेहरा कोणाचा, चित्र कोणाचे?

‘उसने घेतले’ आणि ‘उचलून नेले’ यांतील अंतर लहान मुलालाही कळते. कलेच्या प्रांतात मात्र ते ठरविताना भल्याभल्यांची मती गुंग होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी ज्या खटल्याचा निकाल दिला, त्याच्या मुळाशी एका तरुण संगीतकाराचे एक छायाचित्र होते. कायदेपंडितांनी त्यावर पुष्कळ लिहिले आहे. मला त्या खटल्यातील दोन चित्रांकडे एक रसिक आणि एक धर्मगुरू अशा दुहेरी नात्याने पाहावयाचे आहे; कारण हा प्रश्न आता आपल्या धर्मग्रामाच्या उंबरठ्याशी येऊन ठेपला आहे.

प्रथम छायाचित्र. डिसेंबर १९८१ मध्ये लिन गोल्डस्मिथ या छायाचित्रकर्तीने ‘न्यूजवीक’ साप्ताहिकासाठी प्रिन्स या गायकाला आपल्या स्टुडिओत बसविले. तो तेव्हा २३ वर्षांचा होता. जगभरची कीर्ती अद्याप यावयाची होती. चित्र कृष्णधवल आहे. मागे कोरी पांढरी पार्श्वभूमी आणि नजर थेट आपल्याकडे लागलेली. डोळ्यांच्या बाहुल्यांत प्रकाशयोजनेच्या छत्र्यांचे प्रतिबिंब उमटले आहे. मुलगा बुजलेला आहे, हे लपत नाही. हा बुजरेपणा कॅमेऱ्याने आपोआप टिपलेला नाही. गोल्डस्मिथबाईंनी प्रकाश योजला, त्याच्या पापण्यांना व ओठांना रंग दिला आणि त्याने विश्वासाने समोर धरलेला चेहरा त्यांनी जपून घेतला. छायाचित्र म्हणजे निव्वळ यंत्राचे काम, असे मानणाऱ्यांनी हे चित्र अवश्य पाहावे.

१९८४ साली ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकाने ते छायाचित्र ४०० डॉलर देऊन, चित्रकाराच्या संदर्भासाठी आणि एकदाच वापरण्याच्या अटीवर घेतले. अँडी वॉरहॉल यांनी त्यावरून जांभळ्या चेहऱ्याचे चित्र केले आणि मासिकाने गोल्डस्मिथबाईंचे नावही छापले. येथवर सारे रीतसर होते. परंतु वॉरहॉल यांनी त्याच छायाचित्रावरून आणखी १५ कलाकृती केल्या. २०१६ साली प्रिन्सचे निधन झाल्यावर त्याच प्रकाशनसंस्थेने काढलेल्या विशेषांकाच्या मुखपृष्ठावर त्यांपैकी नारिंगी चित्र झळकले. वॉरहॉल प्रतिष्ठानला १०,००० डॉलर मिळाले. गोल्डस्मिथबाईंना एक दमडीही मिळाली नाही आणि त्यांचे नावही कोठे आले नाही.

वॉरहॉल यांचे चित्र समर्थ आहे, हे प्रांजळपणे मान्य करावयास हवे. धड गेले, केवळ मस्तक उरले. छायाप्रकाशाची खोली पुसून सपाट रंग आले. बुजऱ्या मुलाच्या जागी नाण्यावरील मुद्रेसारखा एक मुखवटा अवतरला. प्रसिद्धी माणसाचे काय करते, यावरचे ते भाष्य आहे. वॉरहॉल पौर्वात्य विधीच्या कॅथलिक कुटुंबात वाढले. मंदिरातील पवित्र प्रतिमांच्या रांगा त्यांनी बालपणापासून पाहिल्या होत्या, आणि त्यांची छाया या सपाट मुद्रांवर पडलेली जाणवते. तरीही, हे चित्र कशाच्या बळावर उभे आहे, असे विचारले तर उत्तर एकच येते: त्या नजरेच्या. आणि ती नजर वॉरहॉल यांनी मिळविलेली नव्हती.

न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी गोल्डस्मिथबाईंच्या बाजूने कौल दिला. न्यायमूर्ती सोटोमायोर यांच्या म्हणण्याचा आशय असा, की प्रिन्सविषयीच्या अंकात छापण्यासाठी प्रिन्सचे चित्र पुरविणे हेच दोघांचे प्रयोजन होते. शैली निराळी असली म्हणून परवानगीची गरज संपत नाही. ती चित्रे काढणेच चूक होते काय, यावर न्यायालयाने मत दिले नाही. हा संयम मला भावला. न्यायमूर्ती केगन यांनी विरोधी मत नोंदविताना कलावंत पूर्वसूरींकडून घेतच आले आहेत, याची आठवण दिली. व्हेलास्केझने रंगविलेल्या पोप दहावे इनोसंट यांच्या चित्रावरून फ्रान्सिस बेकनने आपले चित्र घडविले, हा त्यांचा एक दाखला.

हा आक्षेप मला सहज झटकता येत नाही. फादर स्टीफन्स यांनी मराठी संतपरंपरेची ओवी घेतली नसती, तर १६१६ साली छापले गेलेले ‘ख्रिस्तपुराण’ आपल्याला लाभते ना. परंतु ओवी ही गावची विहीर आहे. तेथे सर्वांनी पाणी भरावे. एका हयात बाईने केलेले एका विशिष्ट मुलाचे छायाचित्र ही तिच्या परसातील विहीर आहे. तेथे पाणी मिळेल, पण आधी दारावर थाप द्यावी लागेल.

हे लिहिताना मी दुसऱ्याकडे बोट दाखवीत नाही. आमच्या गायनवृंदात व्हायोलिन वाजविणाऱ्या एका मुलीचे सुरेख छायाचित्र मी स्वतः धर्मग्रामाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले होते. हेतू कौतुकाचा होता. ज्याने ते काढले त्याचे नाव मी लिहिले नाही आणि मुलीलाही विचारले नाही. आठवड्याभरात ते एका अनोळखी जाहिरातीत दिसले. ती आईबरोबर भेटावयास आली. रागावली नव्हती. एवढेच म्हणाली, “फादर, मला विचारलं असतं तर मी दुसरा फोटो दिला असता.”

सेमिनरीत आम्हांला शिकविले होते की सातव्या आज्ञेचा भंग झाल्यास पश्चात्ताप पुरेसा नाही. घेतलेले परतही करावे लागते. मी चित्र काढून टाकले, दोघांची क्षमा मागितली. पण पसरलेल्या प्रती परत कशा आणणार? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राची मालकी दुसऱ्याकडे गेली तरी कर्तेपणाचा मान ते काढणाऱ्याकडेच राहतो. म्हणजे त्याचे नाव तरी द्यावयास हवे. ज्याचा चेहरा आहे, त्याची संमती हा आणखी वेगळा प्रश्न आहे. अमेरिकेतील खटल्यात तो कोणी विचारला नाही. विचारता येण्यासारखाही नव्हता, कारण प्रिन्स हयात नव्हता.

आपली मुले हयात आहेत. सणाच्या मिस्सेत गाणाऱ्या, वाजविणाऱ्या मुलांची छायाचित्रे यंदाही निघतील. ती पुढे पाठविण्यापूर्वी दोघांना विचारूया: ज्याने टिपले त्याला, आणि ज्याला टिपले त्याला.