नास्तिकाच्या गळ्यातले भजन

बंडखोर गायकाने उतारवयाकडे झुकताना जुनी लोकगीते हाती घेतली की आपण लगेच म्हणतो, 'निवळला बिचारा!' ग्रेग ग्रॅफिन या अमेरिकन गायकाविषयीही असे म्हणण्याचा मोह होईल. म्हणूनच त्याची 'कोल्ड अ‍ॅज द क्ले' ही २००६ सालची ध्वनिमुद्रिका जरा कान देऊन ऐकावी.

ग्रॅफिनने १९८० साली, शाळकरी वयात, मित्रांसह लॉस एंजेलिसला 'बॅड रिलिजन' हा वाद्यवृंद उभा केला. नावातच धर्माशी भांडण. आणि निशाणी कोणती, तर काट मारलेला क्रूस! पंक रॉक म्हणजे विजेच्या गिटारींचा कल्लोळ आणि ड्रमचा न थांबणारा मारा. त्यांच्या १९८८ सालच्या 'सफर' (म्हणजे 'सोसा') या ध्वनिमुद्रिकेत १५ गाणी अवघ्या २६ मिनिटांत संपतात. पुढे २००३ साली या गृहस्थाने कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेटही मिळवली. विषय होता उत्क्रांतीचे अभ्यासक आणि त्यांच्या धर्मविषयक समजुती.

असा हा माणूस 'टॉक अबाउट सफरिंग' हे जुने ख्रिस्ती भजन गातो, तेव्हा आपण दचकतो. वाटते, आता हा थट्टा करणार. पण थट्टा नाही आणि पश्चात्तापही नाही. शब्द जसे आले तसे तो गातो, स्वर कोठेही ओला होऊ देत नाही. सोसण्याचा विषय तोच आहे. पूर्वी तो त्यावर वाद घालीत असे, येथे तो केवळ सांगतो. नदीत बुडवून मारलेल्या 'ओमी वाइज'ची कथाही तो अशीच सांगतो. न्यायनिवाडा ऐकणाऱ्यावर सोपवलेला.

उणे म्हणायचे तर एवढेच, की याच मुद्रिकेतल्या स्वतःच्या गीतांत त्याच्यातला वक्ता अधूनमधून डोके वर काढतो. लोकगीतांना पिढ्यांनी घासून जो गुळगुळीतपणा आणला आहे, तो एका माणसाच्या लेखणीला कोठून यावा?

ही निवृत्ती मात्र नव्हे. या मुद्रिकेचा निर्माता ब्रेट गुरेविट्झ हा त्याच जुन्या वृंदातला सोबती. आणि २००७ साली वृंदाची नवी ध्वनिमुद्रिका तशाच गर्जनेने आली. ग्रॅफिनने श्रद्धा पत्करली नाही. श्रद्धेच्या आधाराने दिवस काढणाऱ्यांचे दुःख मात्र त्याने परके मानले नाही. बंडखोराला हे साधावे, हे निवळणे खास नव्हे.