'होमली' मुलगी

आमच्या ताईचा इंग्रजी बायोडेटा मी केला होता. तेव्हा मी अकरावीत होते आणि घरात माझं इंग्रजी त्यातल्या त्यात बरं समजलं जायचं. मामीने मराठीत लिहून दिलं होतं, 'मुलगी मनमिळाऊ, गृहकृत्यदक्ष'. मनमिळाऊला काय लिहावं यावर बराच वेळ गेला. गृहकृत्यदक्षवर अजिबात गेला नाही. इंग्रजी पेपरातल्या वधू-वर जाहिरातींत तो शब्द तयारच होता: 'होमली'.

बायोडेटा अमेरिकेतल्या एका स्थळाकडे गेला. मुलाची बहीण तिकडेच वाढलेली. तिने फोनवर ताईला संकोचत विचारलं, "तुम्ही दिसायला बेताच्या आहात, असं घरच्यांनी का लिहिलंय?" ताई हसली. मला मात्र हसू आलं नाही.

अमेरिकन इंग्रजीत माणसाला होमली म्हटलं, की तो दिसायला सुमार आहे असा अर्थ होतो. ब्रिटिश इंग्रजीत होमली बाई म्हणजे मायाळू, घरात रमणारी. होमली खोली म्हणजे साधी पण ऊबदार. अमेरिकन माणसाला खोलीबद्दल हे म्हणायचं असेल, तर तो 'होमी' म्हणतो. लर्नर्स डिक्शनरीत हे दोन्ही अर्थ कुठल्या देशातले, ते नोंदवून दिलेले असतात. 'रोज पाच शब्द' शिकवणाऱ्या रील्समध्ये मात्र 'होमली म्हणजे घरगुती' एवढं दिसतं आणि पुढचा शब्द येतो. माझी तक्रार या पद्धतीबद्दल आहे. विशेषण एकटं कधीच नसतं. ते कुणाला लागलंय आणि कोण लावतंय, हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ कळत नाही.

होमलीचा प्रवासच बघा. ज्युलियन ऑफ नॉर्विच ही इंग्रजीत पुस्तक लिहिणारी, आपल्याला माहीत असलेली पहिली बाई. १३७३ साली आजारपणात तिला साक्षात्कार झाले, त्यांबद्दल तिने लिहिलं. तिच्या लेखनात देवाचं प्रेम होमली आहे. म्हणजे सलगीचं, अंतर न ठेवणारं. जनाबाईसोबत दळायला बसणारा विठोबा ज्यांना माहीत आहे, त्यांना हा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

पुढे १६३४ साली मिल्टनचं 'कोमस' लडलोच्या किल्ल्यात सादर झालं. त्यात जंगलात वाट चुकलेल्या एका तरुणीला कोमस नावाचा मायावी भुलवू पाहतो. त्याचा युक्तिवाद असा, की सौंदर्य मिरवण्यासाठी असतं. घरी बसावं ते होमली चेहऱ्यांनी, त्यांना ते नाव पडलंय तेच घरावरून. अमेरिकेत आज जो अर्थ आहे, तो इंग्लंडमध्ये तेव्हाच चालत होता. आणि १९३७ च्या 'द हॉबिट'मध्ये टोल्किन रिव्हेंडेलला शेवटचं होमली हाउस म्हणतो. तिथे होमली म्हणजे दमलेल्या वाटसरूंना जेवण, झोप आणि गाणी मिळणारं घर. शब्द तोच, एकदा देवाला लागला, एकदा चेहऱ्याला, एकदा घराला.

आपल्या जाहिरातींनी त्याचं काय केलं? 'फेअर, ब्यूटिफुल, होमली' अशी माळ लावली. अमेरिकन कानाला हे 'सुंदर आणि कुरूप' असं ऐकू येतं. कोमस निदान सुंदर बाईने बाहेर पडावं म्हणत होता, भले त्याचा हेतू वाईट असेल. आपल्या जाहिरातीला सुंदर बाई हवी, आणि तीही घरातच हवी.

गंमत म्हणजे मराठीत या कामाला एक शब्द कधीच पुरत नव्हता. जेवण घरगुती असतं, माणूस घरंदाज असतो, पाहुणचार घरच्यासारखा असतो आणि लग्नाच्या बाजारात मुलगी गृहकृत्यदक्ष असते. यातला शेवटचा शब्द सरळ कामांची यादी सांगतो. तो ऐकल्यावर भांडता तरी येतं. होमलीत ती यादी दिसेनाशी होते. कामाची अपेक्षा मुलीच्या स्वभावाचा गुण होऊन बसते. मी अकरावीत तो शब्द विचार न करता लिहिला, तो त्यामुळेच. माझ्या इंग्रजीची चूक त्या बहिणीने दाखवली. पण माझा शब्द जाहिरातीतल्या अर्थाने अगदी बरोबर होता, हे मला जास्त खुपलं.

म्हणून शब्द शिकताना अर्थाच्या शेजारी आणखी दोन गोष्टी लिहून ठेवा: कुणाबद्दल, आणि कोण म्हणतंय. पाठांतर थोडं हळू होईल, एवढंच.

पुढचा बायोडेटा ताईने स्वतः लिहिला. त्यात होमली नव्हतं, मनमिळाऊही नव्हतं. ती काय शिकली आणि कुठे नोकरी करते, इतकंच होतं. मामीला तो फार कोरडा वाटला. ताईने बदलला नाही.