क कमळाचा, मग ळ कुणाचा?

मंडळी, आज आम्ही परीक्षणाला घेतलंय ते पुस्तक तुम्ही सगळ्यांनी वाचलंय. अंकलिपी. चार आण्याला मिळायची तेव्हापासून घराघरांत आहे, पण पुस्तक म्हणून तिच्याकडे आपण कधी नीट बघितलं नाही.

अंकलिपीचा नियम साधा आहे. चित्र बघा, नाव घ्या, नावातला पहिला आवाज धरा. कमळातला क, घरातला घ. इथवर झकास. आता ळ वर या. मराठी शब्द ळ ने सुरू होत नाही, ण नेही नाही. म्हणून ‘ळ बाळाचा’, ‘ण बाणाचा’. मूल चित्र बघतं, ‘बाळ’ म्हणतं, शिकवल्याप्रमाणे पहिला आवाज धरतं आणि सांगतं, ब! आपण म्हणतो, चुकलं. पण नियम पुस्तकानेच मोडला, तोही न सांगता.

चित्रांचं बघा. उखळ, ऐरण, एडका. एडक्याला मूल ‘मेंढी’ म्हणालं की ए गेला. टरबुजाला ‘कलिंगड’ म्हणालं की ट गेला. मेळघाटात घरी कोरकू बोलणाऱ्या मुलाला तर आधी चित्रांची मराठी नावंच पाठ करावी लागतात. चित्र मदतीला आणलं होतं, त्याचंच ओझं झालं.

खरी अडचण पुढे आहे. ‘घ’ म्हणताना त्यात ‘अ’ असतोच. पण ‘घर’ म्हणताना र मधला अ आपण गिळतो. मूल ‘घ... र...’ म्हणत थांबतं, कारण हे गिळणं त्याला कुणी दाखवलेलंच नसतं. ‘कि’ मध्ये वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, कानाला नंतर ऐकू येते. चहाचा च आणि चमच्याचा च, अक्षर एक आणि आवाज दोन. अंकलिपी यातल्या कशावरच बोलत नाही.

काही जण म्हणतात, इंग्रजीतलं फोनिक्स आणा. आम्हाला ते जसंच्या तसं पटत नाही. तिथे २६ अक्षरांत सुमारे ४४ ध्वनी बसवायची कसरत आहे. आपली वर्णमाला कंठापासून ओठांपर्यंत शिस्तीत मांडलेली आहे. ती मांडणी थोरच. पण ती भाषा येणाऱ्याने केलेली वर्गवारी आहे, वाचायला शिकणाऱ्याची पहिली पायरी नव्हे.

मग करायचं काय? सगळी मुळाक्षरं आणि अख्खी बाराखडी संपेपर्यंत थांबू नका. म, क, र आणि एक काना एवढ्यावर मका, काका, मामा, राम, मार, कर असे शब्द पहिल्याच आठवड्यात वाचता येतात. आणि ळ? नळ, फळ, बाळ म्हणा आणि विचारा, शेवटी काय ऐकू आलं? तोच ‘ळ बाळाचा’ मग खरा ठरतो. चित्र बदलावं लागत नाही, प्रश्न बदलावा लागतो.

ज्या घरात गोष्टींची पुस्तकं आहेत, तिथलं मूल अंकलिपी कशीही असली तरी वाचायला शिकेल. ज्या घरात अंकलिपी हे एकच पुस्तक आहे, तिथे मात्र पुस्तकाची चूक मुलाच्या नावावर लागते. तिसरीतलं मूल बाराखडी घडाघडा म्हणतं आणि दुकानावरची पाटी त्याला वाचता येत नाही, तेव्हा त्याला ‘ढ’ म्हणण्याआधी आपण एवढं तरी आठवावं.