यंत्रालगतचे संगणन आणि कामगाराचे ज्ञान : झुबॉफ यांच्या सिद्धान्ताची फेरतपासणी

शोशाना झुबॉफ यांचा ‘इन द एज ऑफ द स्मार्ट मशीन’ हा ग्रंथ १९८८ साली प्रसिद्ध झाला. संगणकीकृत श्रमाच्या अभ्यासात त्याला मानाचे स्थान आहे. यंत्राच्या लगतच माहितीवर प्रक्रिया करणाऱ्या ‘एज कॉम्प्युटिंग’च्या संदर्भात त्यातील मध्यवर्ती सिद्धान्त कितपत टिकतो, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

अमेरिकेतील लगदा व कागदाच्या कारखान्यांत लगद्याचा स्पर्श आणि वास यांवरून प्रक्रियेची स्थिती ओळखणारे कामगार नियंत्रण कक्षातील पडद्यासमोर बसू लागले. हे स्थित्यंतर झुबॉफ यांनी बारकाईने टिपले. त्यांच्या मते संगणक केवळ श्रमाची जागा घेत नाही, तर प्रक्रियेविषयी नवी माहितीही निर्माण करतो. ती कामगाराला वाचता आली, तर त्याचे बौद्धिक कौशल्य वाढते. ती त्याच्यापर्यंत पोहोचू द्यायची की नाही, हा मात्र सत्तेचा प्रश्न आहे.

या मांडणीत एक गृहीतक दडलेले आहे. निर्माण झालेली माहिती कोणत्या ना कोणत्या पडद्यावर उमटतेच, असे ते गृहीतक होय. एज कॉम्प्युटिंगने नेमका त्यालाच धक्का दिला आहे. मोटारीच्या बेअरिंगची कंपने सेकंदाला हजारो वेळा मोजली जातात. ती सर्व दूरच्या सर्व्हरकडे पाठविणे खर्चिक आणि वेळखाऊ असते. म्हणून यंत्रालगतचे उपकरण त्यांचे विश्लेषण करून केवळ सारांश पुढे पाठविते. मूळ नोंदी बहुधा पुसल्या जातात. फिटरच्या वाट्याला उरतो तो हिरवा किंवा लाल दिवा. निर्णय यंत्राजवळ आला, परंतु कामगाराजवळ आला असे म्हणता येत नाही.

या पद्धतीची गरज नाकारता येणार नाही. धोक्याच्या क्षणी यंत्र थांबविण्यासाठी दूरच्या आज्ञेची वाट पाहणे परवडत नाही. स्थानिक निर्णयही नवा नाही. १९६९ च्या सुमारास आलेला ‘मोडिकॉन ०८४’ हा नियंत्रक तेच करीत होता. तथापि त्याची ‘लॅडर’ आकृती रिले-जोडणीसारखी असल्याने कारखान्यातील इलेक्ट्रिशियनला ती वाचता येत असे. आजच्या उपकरणातील, आकडेवारीवरून स्वतः शिकलेले प्रारूप त्याला तसे वाचता येत नाही.

पडद्यावर विसंबण्यातील धोका २०१० मध्ये उघडकीस आलेल्या ‘स्टक्सनेट’ने दाखवून दिला. इराणमधील नतान्झ येथे अपकेंद्री यंत्रांची गती बिघडविली जात असताना नियंत्रण यंत्रणेला आधी नोंदविलेली सुरळीत आकडेवारी दाखविली जात होती. अशा वेळी यंत्राची स्वतंत्र पारख असलेला माणूस हाच अखेरचा आधार ठरतो.

सारांश, झुबॉफ यांचा सिद्धान्त कालबाह्य ठरत नाही; तो अपुरा पडतो. माहिती कोण पाहणार, या त्यांच्या प्रश्नाआधी आता कोणती माहिती राखायची आणि कोणती पुसायची हे कोण ठरविणार, हा प्रश्न विचारावा लागेल. इशाऱ्यामागील मूळ नोंदी काही काळ जपणे आणि इशाऱ्याच्या मर्यादा ठरविताना फिटर-ऑपरेटरांना सहभागी करून घेणे, ही त्याच्या उत्तराची किमान सुरुवात होय.