श्रेय कोणाचे आणि सत्य कशाने ठरते?

एडमंड व्हिटेकर या विख्यात गणितज्ञाने लिहिलेल्या ईथर व विद्युत सिद्धांतांच्या इतिहासाचा दुसरा खंड १९५३ साली प्रसिद्ध झाला. विशिष्ट सापेक्षतेवरील प्रकरणाला त्यांनी ‘प्वांकारे व लोरेंट्झ यांचा सापेक्षता सिद्धांत’ असे नाव दिले आणि आइन्स्टाईन यांच्या १९०५ च्या निबंधाची बोळवण त्या सिद्धांताचा किंचित विस्तार म्हणून केली. मॅक्स बॉर्न यांनी त्यांना परावृत्त करण्याचा केलेला प्रयत्न निष्फळ ठरला. हा वाद आजही अधूनमधून डोके वर काढतो आणि त्यात सिद्धांत कोणाचा व तो खरा की खोटा, या दोन प्रश्नांची गल्लत होते.

व्हिटेकर यांची बाजू पोकळ नाही. १८८७ च्या मायकेलसन–मोर्ले प्रयोगात ईथरमधील पृथ्वीच्या गतीचा मागमूस लागला नाही. तो पेच सोडविताना लोरेंट्झ यांनी १९०४ पर्यंत रूपांतरणाची समीकरणे सिद्ध केली. दूरच्या दोन घटना एककालिक आहेत म्हणजे काय, हा प्रश्न प्वांकारे यांनी १८९८ मध्येच विचारला होता. ५ जून १९०५ रोजी त्यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ती समीकरणे दुरुस्त करून ठेवली. आइन्स्टाईन यांचा निबंध नियतकालिकाकडे पोहोचला तो ३० जून रोजी. त्यात लोरेंट्झ यांचे नाव आहे, प्वांकारे यांचे नाही. ग्रंथसंदर्भ तर एकही नाही. हे मौन खटकते.

तरीही व्हिटेकर यांचा निवाडा मान्य होत नाही, कारण त्यांनी समीकरणालाच सिद्धांत मानले. लोरेंट्झ यांच्या लेखी गतिमान निरीक्षकाचा ‘स्थानिक काल’ ही गणिती सोय होती. खरा काल ईथरचाच. प्वांकारे यांनीही ईथर सोडला नाही. आइन्स्टाईन यांनी तो अनावश्यक ठरविला आणि प्रत्येक निरीक्षकाचा काल सारखाच खरा मानला. शासकीय नस्तीत अचूक टिपण्या अनेकांच्या असतात. पण त्यांतून निघणारा निर्णय स्वच्छ शब्दांत लिहिणारा एखादाच असतो. स्वतः लोरेंट्झ यांनी १९१५ मध्ये कबूल केले, की एकच काल खरा या कल्पनेला चिकटून राहिल्यामुळे आपण मागे पडलो. याहून मोठी साक्ष कोणती?

सत्यासत्यतेचा प्रश्न वेगळा आहे. हर्बर्ट डिंगल यांनी १९७२ च्या आपल्या पुस्तकात आक्षेप घेतला, की दोन घड्याळांपैकी प्रत्येक दुसऱ्याहून मंद असणे अशक्य आहे. परंतु अशा तुलनेसाठी दूरदूरची घड्याळे आधी जुळवावी लागतात आणि ती जुळणी दोन्ही निरीक्षकांच्या दृष्टीने एकच नसते. म्हणजे डिंगल अडखळले ते नेमके एककालिकतेपाशी. शिवाय निसर्गाची साक्ष आहेच. विश्वकिरणांमुळे सुमारे पंधरा किलोमीटर उंचीवर जन्मणाऱ्या म्यूऑन कणाचे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद; प्रकाशाच्या वेगानेही तेवढ्यात जेमतेम ६६० मीटर अंतर कापले जाईल. तरी हे कण जमिनीपर्यंत मोठ्या संख्येने पोहोचतात. १९७० च्या दशकात जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ प्रयोगशाळेत वेगवान म्यूऑनचे आयुष्य सुमारे २९ पट लांबलेले मोजले गेले, आणि सिद्धांताचे भाकीतही तेच होते.

प्वांकारे यांना त्यांचे श्रेय अवश्य मिळावे. परंतु सगळे श्रेय त्यांच्या पदरात टाकले, तरी म्यूऑनच्या आयुष्यात क्षणाचाही फरक पडणार नाही. व्हिटेकर यांचा खंड वाचावा तो त्यातील पुराव्यासाठी. निकाल मात्र त्याच पुराव्यावरून वाचकाने स्वतः द्यावा.