'दंगल'मधील आहार, देह आणि शिस्त : महाविद्यालयीन क्रीडासंस्कृतीच्या संदर्भात एक आकलन

नितेश तिवारी दिग्दर्शित 'दंगल' (२०१६) या हिंदी चित्रपटाची चर्चा प्रामुख्याने स्त्री-सक्षमीकरणाच्या अंगाने झाली. त्यातील आहार आणि देह यांची मांडणी मात्र दुर्लक्षित राहिली. जळगाव-धुळे परिसरातील ज्या विद्यार्थिनी वजनगटांच्या खेळांत उतरतात, त्यांच्या संदर्भात ही मांडणी तपासणे अगत्याचे आहे.

चित्रपटात अन्नाला नैतिक मूल्य चिकटविलेले दिसते. पित्याच्या आज्ञेने चटकदार पदार्थ वर्ज्य होतात. आईने स्वयंपाकघरात मज्जाव केला तरी मुलींसाठी कोंबडी शिजते. पुढे पतियाळाच्या अकादमीत गीता मनसोक्त खाते, केस वाढविते आणि हरू लागते. खाणे म्हणजे स्खलन, वर्ज्य करणे म्हणजे साधना, असे हे समीकरण आहे. अन्नाविषयीची अपराधी भावना नेमकी येथूनच रुजते.

राष्ट्रकुल स्पर्धेपूर्वी प्रशिक्षक गीताला ५५ ऐवजी ५१ किलो वजनगटात खेळविण्याचा आग्रह धरतो. वजन घटविण्याचा प्रश्न येथे ऐरणीवर येऊ शकला असता. परंतु दिग्दर्शक त्याचे रूपांतर पिता आणि प्रशिक्षक यांच्या अहंकाराच्या झुंजीत करतो. जिच्या देहाविषयी निर्णय व्हायचा, तिची भूक कोणीच विचारात घेत नाही. ही या कलाकृतीची गंभीर मर्यादा होय.

चित्रपटाने टाळलेले वास्तव ७ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये समोर आले. त्याच फोगाट कुटुंबातील विनेश ५० किलो गटात केवळ १०० ग्रॅम वजन अधिक भरल्याने अंतिम लढतीपूर्वी अपात्र ठरली. पूर्वी ती ५३ किलो गटात खेळत असे. श्रमांच्या मानाने आहार सतत अपुरा पडल्यास मासिक पाळी, हाडांची बळकटी आणि मनःस्वास्थ्य ढासळते, याकडे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्येच लक्ष वेधले होते. उलट, २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाचे सुवर्णपदक मिळविणाऱ्या महाराष्ट्राच्या राहुल आवारे याने २०१९ मध्ये ६१ किलो गटात जागतिक कांस्यपदक पटकाविले. वरचा वजनगट म्हणजे माघार नव्हे, हे त्यातून स्पष्ट होते.

खानदेशात घरी सर्वांत शेवटी जेवणारी मुलगी वसतिगृहात येते, तेव्हा कमी खाण्याची सवय तिच्या अंगवळणी पडलेली असते. उपास तिच्या बाबतीत कोणालाच खटकत नाही. त्यामुळे शारीरिक शिक्षण संचालकांनी वजनकाट्यावरील आकड्यासोबतच तिचे जेवण, झोप आणि पाळी यांचीही आस्थेने विचारपूस करणे आवश्यक ठरते. 'दंगल' पदकाची किंमत सांगतो. ती कोणाच्या देहातून वसूल होते, याविषयी मात्र मौन पाळतो.